प्री-एक्लॅम्पसियाच्या रक्ततपासण्या: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टचा फोटो येतो, त्यावर ठळक छापलेला एक आकडा असतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं: ‘मॅडम, काळजीचं आहे का?’ मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त तपासणं माझं काम, बाळंतपण करणं नाही. त्यामुळे कोणती गोळी घ्यायची आणि कधी ॲडमिट व्हायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. कागदावरचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, तेवढं मात्र मी सांगू शकते. नेहमीचे प्रश्न आधी घेतलेत, अडनिडे नंतर. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

आत्ता डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणून कुणी हे वाचत असेल, तर वाचणं थांबवा आणि आधी दवाखाना गाठा. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१. प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढणं, एवढंच ना?

नाही. बीपी हे त्याचं सगळ्यात आधी हाती लागणारं लक्षण, एवढंच. आधी बीपी नॉर्मल असलेल्या बाईचं विसाव्या आठवड्यानंतर, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजून, १४०/९० किंवा त्याच्या वर आलं आणि जोडीला लघवीतून प्रोटीन जायला लागलं, की प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. प्रोटीन जात नसलं तरी प्लेटलेट घसरणं, लिव्हरची एन्झाइम्स दुपटीच्या वर जाणं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१ च्या वर जाणं, फुप्फुसात पाणी होणं, गोळीने न थांबणारी डोकेदुखी किंवा नजरेत बिघाड, यांतलं काही बीपीच्या जोडीला असलं तरी निदान तेच होतं. ‘लघवी क्लिअर आहे ना, मग काही नाही’ असं म्हणून घरी थांबलेल्या बायका इथेच फसतात.

नुसतं बीपी वाढलंय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर त्याला दवाखान्यात पीआयएच म्हणतात. त्यातल्या काही जणी पुढे प्री-एक्लॅम्पसियात जातात. आणि आकडी आली की तो एक्लॅम्पसिया. जगभरात शंभर गरोदरपणांमागे साधारण दोन ते आठ वेळा प्री-एक्लॅम्पसिया दिसतो, म्हणजे तुमच्या ओळखीत कुणालातरी झालेला असणारच.

२. पण बीपीचा आजार रक्तात कसा सापडतो? नेमकं काय मोजता?

कारण हा आजार मुळात वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा आहे. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्यात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना ढिलं, रुंद करतात. बाळापर्यंत भरपूर रक्त जावं म्हणून ही सोय. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. वाहिन्या अरुंदच राहतात आणि वारेला रक्त कमी पडतं. मग अशी वार आईच्या रक्तात एक प्रथिन प्रमाणाबाहेर सोडायला लागते. त्याचं नाव एसएफएलटी-१.

दुसरं प्रथिन पीएलजीएफ. तेही मुख्यतः वारेतूनच येतं, पण ते आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवतं. एसएफएलटी-१ त्याला वाटेतच पकडून निकामी करतं. म्हणजे एक वाढतं, दुसरं घटतं, आणि आईच्या किडनी, लिव्हर, मेंदू सगळीकडच्या बारीक वाहिन्यांचं अस्तर बिघडतं. लघवीत प्रोटीन गळतं ते त्यामुळे.

हे धागे जुळले ते २००३ मध्ये. बॉस्टनमधले भारतीय वंशाचे किडनीतज्ज्ञ अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीतल्या गाभण माद्यांच्या शरीरात एसएफएलटी-१ वाढवलं, तर त्यांचं बीपी चढलं, लघवीत प्रोटीन आलं, किडनीत प्री-एक्लॅम्पसियासारखेच बदल दिसले. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट कळली: आजार दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून रक्तातलं हे प्रथिन चढायला लागलेलं असतं. तपासणीची सगळी इमारत या पाच आठवड्यांवर उभी आहे. आपल्याकडे या आजाराला पूर्वी ‘गरोदरपणातली विषबाधा’ म्हणत, आणि नंतरच्या डॉक्टरांनी विष कुठे आहे म्हणून तो शब्द मोडीत काढला. मला मात्र वाटतं, तो शब्द अगदीच चुकला नव्हता.

३. मला बाराव्या आठवड्यात टेस्ट सांगितली, जावेला एकतिसाव्यात. नाव तेच. कुणाचे डॉक्टर चुकतायत?

कुणीच नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा. बिलावर नाव सारखं दिसलं तरी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्या वेगळे प्रश्न विचारतात.

पहिली ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (बाळातल्या जन्मजात दोषांचा धोका बघणारी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी) यांच्या सुमारास होते. ती विचारते: ‘या बाईला पुढे कधी हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे का?’ तेव्हा बाई ठणठणीत असते. धोका जास्त निघाला तर प्रतिबंधाची गोळी सुरू करता येते, हा तिचा उपयोग.

दुसरी विसाव्या आठवड्यानंतर, आणि तीही काहीतरी शंका आल्यावर: बीपी चढलंय, लघवीत प्रोटीन दिसलंय, बाळाची वाढ मागे पडलीय, डोकं दुखतंय. ती विचारते: ‘हे जे दिसतंय ते प्री-एक्लॅम्पसियाकडे चाललंय का, आणि येत्या आठवड्यात चाललंय का?’ यातला आकडा म्हणजे एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ. त्यालाच रेशो म्हणतात.

पहिलीचा निकाल चांगला आला म्हणून दुसरी टाळू नये. आणि दुसरीचा आकडा पहिलीच्या तक्त्यात बसवून बघू नये. मला असे मेसेज येतात ज्यात तिसाव्या आठवड्याचा पीएलजीएफ नेटवरच्या बाराव्या आठवड्याच्या तक्त्याशी ताडून पाहिलेला असतो आणि बाईने रात्र रडून काढलेली असते.

४. रिपोर्टवर ‘१ : ६०’ छापलंय आणि लाल रंगात ‘हाय रिस्क’. म्हणजे मला होणारच का?

तुमच्यासारख्या ६० जणी रांगेत उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीला, साधारणपणे ३७ आठवड्यांच्या आत, हा आजार होईल. ५९ जणींना होणार नाही. ‘हाय रिस्क’ हा शब्द ऐकून अख्खं घर सुतकी चेहऱ्याने बसतं, पण त्याचा अर्थ ‘हिला गोळी द्यावी’ इतकाच. अनेक ठिकाणी १ : १०० ही सीमारेषा धरतात.

हा आकडा एकट्या रक्तातून येत नाही. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनने घडवलेल्या पद्धतीत चार गोष्टी एकत्र मोजतात: तुमची माहिती (वय, वजन, आधीची बाळंतपणं, घरात कुणाला होतं का, बीपी-शुगर), दोन्ही दंडांवर मोजलेल्या बीपीची सरासरी, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (त्यांतून रक्त कसं वाहतं ते) आणि रक्तातला पीएलजीएफ. काही लॅब जोडीला पॅप-ए हे वारेचं आणखी एक प्रथिन घेतात. यांतलं एखादं गाळून नुसत्या रक्तावर धोका काढला असेल तर निकाल कच्चा राहतो. रिपोर्टवर बीपी आणि डॉपलरचे आकडे छापलेत का ते बघा. रकाने रिकामे असतील तर विचारा.

चारही गोष्टी नीट मोजल्या आणि दहा टक्के बायकांना ‘हाय रिस्क’ म्हटलं, तर ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या आजाराच्या चारपैकी सुमारे तीन जणी आधी सापडतात. पूर्ण दिवस भरल्यावर होणारा आजार निम्म्याहूनही कमी सापडतो. म्हणून ‘लो रिस्क’ आलेल्या बाईनेही दर तपासणीला बीपी मोजायचंच.

५. ॲस्पिरिन लिहून दिलीय. सासूबाई म्हणतात रक्त पातळ होईल, बाळाला बाधेल. घेऊ का?

सासूबाईंची भीती खोटी नाही, कारण हार्टच्या पेशंटला देतात तीच ही गोळी. फक्त ती इथे का देतात ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एएसपीआरई नावाच्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. धोका जास्त निघालेल्या १,७७६ बायका त्यात घेतल्या होत्या. निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ३७ आठवड्यांआधीचा प्री-एक्लॅम्पसिया बिनऔषधाच्या गटात ४.३ टक्के जणींना झाला, ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. म्हणजे ६२ टक्के घट. एवढ्या स्वस्त गोळीने एवढा फरक पडल्याचं वैद्यकात क्वचित दिसतं.

गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी, कारण वारेचं ते काम (प्रश्न २) तोवर चालू असतं. सहाव्या महिन्यात बीपी चढल्यावर सुरू केलेल्या ॲस्पिरिनकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. डोस देशागणिक बदलतो, अमेरिकेत ८१ मिलिग्रॅमची गोळी चालते, त्यामुळे तिकडच्या बहिणीची चिठ्ठी आणि तुमची चिठ्ठी जुळली नाही तर दचकू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर, ॲस्पिरिनने उठणारा दमा किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि गोळी रोज घ्या. ‘डोहाळजेवणाच्या गडबडीत आठवडाभर राहिली’ हे मी ऐकलंय. त्या चाचणीतसुद्धा नेमाने गोळी घेणाऱ्यांनाच जास्त फायदा झाला होता.

६. एकतिसावा आठवडा, बीपी १३८/८८, रेशो १२ आला. आता निर्धास्त?

आठवडाभरापुरत्या, बहुतांशी, हो. ही तपासणी सगळ्यात भरवशाने सांगते ते हेच. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रोग्नोसिस अभ्यासात, आजाराची शंका असलेल्या २४ ते ३७ आठवड्यांच्या बायकांमध्ये रेशो ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया न होण्याची खात्री ९९.३ टक्के निघाली. हजारात सात जणी निसटल्या. चीन, जपान, सिंगापूर, थायलंड वगैरे आशियाई देशांत तोच अभ्यास पुन्हा झाला तेव्हा खात्री ९८.६ टक्के आली. भारत त्यात नव्हता, पण इतक्या वेगवेगळ्या देशांत आकडा इतका जवळ येणं ही जमेची बाजू.

दिवस जातील तशी खात्री विरत जाते. चार आठवड्यांच्या हिशेबाने ती ९४ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून ‘मागच्या महिन्यात नॉर्मल होता’ याला फारसा अर्थ नाही. तुम्हाला ॲडमिट न करता घरी पाठवलं, ते याच आकड्याच्या जोरावर पाठवलं असेल आणि ते योग्यच आहे. मात्र घरी जाताना बीपी कधी मोजायचं आणि परत कधी यायचं, हे लिहून घ्या.

७. माझा रेशो ४४ आहे. ३८ च्या वर म्हणजे झालंच ना?

नाही. तुमच्या रिपोर्टवर एसएफएलटी-१ आहे ४,१८० आणि पीएलजीएफ ९५. भागाकार ४४. त्याच अभ्यासात ३८ च्या वर आलेल्या शंभर जणींपैकी पुढच्या चार आठवड्यांत प्री-एक्लॅम्पसिया झाला तो ३७ जणींना. आशियातल्या अभ्यासात ३० जणींना. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका त्या काळात सुखरूप राहिल्या. ही तपासणी ‘नाही’ ठामपणे म्हणते, ‘हो’ मात्र चाचरत म्हणते. हे एकदा ध्यानात घेतलं की अर्धे प्रश्न सुटतात.

३८ ते ८५ हा पट्टा म्हणजे ‘लक्ष ठेवा’. भेटी लवकर लवकर, घरी बीपीचं मशीन, बाळाची सोनोग्राफी आणि डॉपलर. ३४ आठवड्यांच्या आत ८५ च्या वर किंवा ३४ नंतर ११० च्या वर गेला तर मात्र निदानाकडे पारडं स्पष्ट झुकतं. याच पायरीवरून ६५५ च्या वर गेलेला आकडा मी आजवर जितक्या वेळा टाइप केलाय तितक्या वेळा रिपोर्ट निघायच्या आधी डॉक्टरांना फोन लावलाय, कारण तिथे गोष्ट दिवसांवर येते.

तरीही बाळंतपण कधी करायचं ते या एका आकड्यावर ठरत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने हे वेगळं लिहून ठेवलंय. आईचं बीपी, प्लेटलेट, लिव्हर, बाळाची स्थिती आणि आठवडे हे सगळं बघून ते ठरतं.

८. काही त्रास नाही, बीपी ११०/७०. तरी खात्री म्हणून रेशो करून घेऊ?

करू नका. लॅबवालीने हे सांगावं म्हणजे धंदा बुडवणं आहे, तरी सांगते. प्रश्न ६ आणि ७ मधले आकडे ‘शंका असलेल्या’ बायकांचे आहेत. ज्यांना काहीच नाही त्यांच्यात हा आकडा उगाच वर आला तर तो खोटा इशारा असण्याची शक्यता फार मोठी. मग महिनाभर झोप नाही, आणि हाती काही लागत नाही.

९. रिपोर्टवर रेशो नाहीच, फक्त पीएलजीएफ ६४ आहे. अर्धवट टेस्ट केली का?

नाही, तीही मान्य पद्धत आहे. एका मशीनवर एकटा पीएलजीएफ मोजतात. १०० पिकोग्रॅम किंवा जास्त म्हणजे ठीक, १२ ते ९९ कमी, १२ च्या खाली फारच कमी. ब्रिटनमधल्या, २०१९ मध्ये निकाल आलेल्या पॅरट चाचणीत डॉक्टरांना हा आकडा कळवल्याने निदान व्हायला लागणारा वेळ साधारण ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाणही घटलं.

६४ म्हणजे वारेचं काम मंदावलंय. त्याचं रूप बीपी असेल किंवा बाळाची खुंटलेली वाढ असेल. नेमकं कोणतं, ते सोनोग्राफी सांगेल.

१०. उपाशी यायचं का? किती वेळ लागतो? पैसे?

उपाशी यायची गरज नाही. साध्या रक्तातून होते. मशीनवर अर्ध्या तासाचं काम, पण नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जाणार असेल तर एक-दोन दिवस धरा. खर्च काही हजारांत जातो आणि लॅबगणिक बदलतो. आधी फोन करून विचारा, त्यात संकोच कसला.

फॉर्मवर एक रकाना मात्र जपून भरा: गरोदरपणाचा आठवडा. पीएलजीएफ तिसाव्या आठवड्यापर्यंत चढत जातो आणि मग उतरतो, त्यामुळे आठवडा चुकला की अर्थ चुकतो. एकदा आमच्याकडे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून तेरा आठवडे लिहून आले होते. पाळी अनियमित, आणि सोनोग्राफीचा कागद पिशवीत तसाच. तो काढून बघितला तर अकरा आठवडे दोन दिवस. त्याच रक्तावर धोका पुन्हा काढला तेव्हा ‘हाय रिस्क’चा शिक्का गेला. तेव्हापासून मी पिशवीतले सगळे कागद टेबलावर काढायला लावते.

११. आमच्या तालुक्यात ही टेस्टच होत नाही. मग काय करायचं?

बीपी मोजायचं. मनापासून सांगते, नीट मोजलेलं बीपी आणि लघवीची पट्टी हे आजही या आजाराचे पहिले पहारेकरी आहेत. पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. साडीच्या किंवा ड्रेसच्या बाहीवरून बांधलेला पट्टा आणि जिना चढून आल्या आल्या घेतलेलं बीपी दोन्ही फसवतात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारा. डॉक्टरांच्या फॉग्सी या संघटनेने रक्तमार्करशिवाय, नुसत्या माहितीवरून धोका मोजायची जेस्टोसिस नावाची गुणपद्धतही काढलीय. तीन किंवा जास्त गुण झाले की जोखमीची. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात ठेवू नका. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांमध्ये त्या प्री-एक्लॅम्पसियाचा धोका कमी करतात. फक्त लोहाची गोळी आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका.

१२. यूरिक ॲसिड वाढलंय. तेही मार्करच ना?

जुना मार्कर. आजारात ते वाढतं हे खरं, पण कुणाला पुढे होणार हे सांगण्यात ते कच्चं आहे. प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन या तपासण्या आजार किती पसरलाय हे दाखवतात. त्या भविष्य सांगत नाहीत, पण निदान झाल्यावर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून डॉक्टरांनी रेशो न लिहिता ‘पीआयएच प्रोफाइल’ लिहिलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

१३. जुळं आहे. ३८ चाच नियम लागू?

जसाच्या तसा नाही. जुळ्यांत वारेचा पसारा मोठा, त्यामुळे एसएफएलटी-१ मुळातच जास्त असतं आणि शेवटच्या तिमाहीत रेशो भराभर चढतो. वरचे कट-ऑफ एकेका बाळाच्या गरोदरपणांवरून आलेत. जुळ्यांत कमी आलेला रेशो दिलासा देतो, पण वर आलेला आकडा वाचताना हात आखडता घ्यावा लागतो. फॉर्मवर ‘जुळं’ लिहिलंय याची खात्री करा.

१४. मला लग्नाआधीपासून बीपी आहे / किडनीचा त्रास आहे. मग टेस्टचा उपयोग काय?

खरं तर तुमच्यासारख्यांनाच जास्त. तुमचं बीपी आधीच जास्त, लघवीत प्रोटीन आधीपासून जातंय, म्हणजे निदानाच्या दोन्ही नेहमीच्या खुणा आधीच वापरून संपल्यात. सातव्या महिन्यात बीपी १५०/१०० झालं तर तो जुना आजार बळावला की वर प्री-एक्लॅम्पसिया चढला? वार ठीक असेल तर रेशो बहुधा खालीच राहतो. जुन्या बीपीने वारेची प्रथिनं अशी उलटीपालटी होत नाहीत. हे कोडं सोडवताना मी डॉक्टरांना सुटकेचा निःश्वास टाकताना पाहिलंय.

१५. हेपरिनची इंजेक्शनं चालू आहेत. आयव्हीएफचं बाळ आहे. फरक पडतो का?

हेपरिन म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन. त्यामुळे एसएफएलटी-१ वारेतून आणि वाहिन्यांतून सुटून रक्तात उतरतं, म्हणून इंजेक्शनच्या पाठोपाठ काढलेल्या रक्तात रेशो फुगलेला दिसू शकतो. शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते रक्त घेणाऱ्याला सांगा. आयव्हीएफचा रकाना पहिल्या तिमाहीच्या हिशेबात असतोच, तो लपवू नका. मला कळतं, सोबत आलेल्या नातेवाइकांसमोर ते बोलायचं नसतं. चिठ्ठीवर लिहून द्या, आम्ही मोठ्याने वाचत नाही. तंबाखू ओढण्याचंही तसंच: धूम्रपानाने आकडे ‘चांगल्या’ बाजूला सरकतात, प्रकृती नाही.

आणि विसाव्या आठवड्याच्या आधीच बीपी आणि लघवीत प्रोटीन दिसलं, तर रेशोच्या मागे लागण्याआधी सोनोग्राफी. द्राक्षगर्भात, म्हणजे वार द्राक्षांच्या घडासारखी बिघडून वाढते तेव्हा, असं होतं.

१६. कालच रेशो नॉर्मल आला, पण आज डोकं फुटतंय आणि पोटात वरच्या बाजूला दुखतंय.

रिपोर्ट बाजूला ठेवा आणि निघा. हजारातल्या त्या सात जणी (प्रश्न ६) कुणीतरी असतातच. गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मध्ये दुखणं, उलट्या, दम लागणं, बाळाची हालचाल कमी होणं: यांत रक्ततपासणीची वाट बघायची नसते. १६०/११० किंवा त्याच्या वर बीपी गेलं तर तेही तसंच. आठव्या-नवव्या महिन्यात पावलं सुजणं नेहमीचंच आहे. पण एका रात्रीत तोंड सुजलं, अंगठी निघेना, जोडवी बोटात रुतायला लागली, तर बीपी मोजल्याशिवाय झोपू नका. वरचं दुखणं ‘ॲसिडिटी’ म्हणून जेलुसिल पिऊन काढलेल्या बायकांच्या प्लेटलेट मी मोजल्यात. गाडी नसेल तर १०८.

१७. दोन लॅबचे आकडे वेगळे आले. कोणती लॅब खोटी?

बहुधा दोन्ही खऱ्या. मशीन वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची फूटपट्टी आपापली. ३८ हा आकडा एका कंपनीच्या मशीनवर ठरला. अमेरिकेच्या एफडीएने मे २०२३ मध्ये ज्या तपासणीला परवानगी दिली ती दुसऱ्या मशीनवरची, तिथे सीमारेषा ४०, आणि प्रश्नही निराळा: बीपीसाठी ॲडमिट झालेल्या बाईला पुढच्या दोन आठवड्यांत गंभीर प्री-एक्लॅम्पसिया होईल का? म्हणून पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा, आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात मशीनचं नाव असतं ते बघा.

१८. मग दर आठवड्याला करत राहू का?

नुसतं मन शांत करायला, नाही. ब्रिटनमध्ये पॅरट-२ चाचणीत पीएलजीएफ ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा मोजून डॉक्टरांना कळवल्याने बाळाच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. काही नवीन घडलं, म्हणजे बीपी आणखी चढलं किंवा नवं लक्षण आलं, तर डॉक्टर पुन्हा सांगतील आणि ते रास्त आहे. ३७ आठवडे उलटल्यावर तर रेशोचं वजन आणखी घटतं: तेव्हा निदान झालं की वाट न बघता बाळंतपण करतात.

१९. पहिल्या वेळी झालं होतं. तो जुना रिपोर्ट आता चालेल का? आणि बाळंतपणानंतर टेस्ट परत करायची होती का?

आकडा चालणार नाही, ती वार गेली आणि तिच्याबरोबर तिची प्रथिनंही. वार पडल्यावर एसएफएलटी-१ दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतं, म्हणून नंतर रेशो करण्यात हशील नाही. बीपी मात्र तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा उसळू शकतं, आणि नेमकी त्याच सुमारास बाई घरी, माहेरी जाते. सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखीकडे ‘वारं लागलं असेल’ म्हणून बघू नये.

जुनी फाइल मात्र जपून ठेवा. त्यातली एक ओळ, ‘कितव्या आठवड्यात झालं’, पुढच्या डॉक्टरांसाठी कुठल्याही मार्करपेक्षा मोलाची आहे. एकदा झालेल्या दहा जणींपैकी साधारण एक-दोघींना पुन्हा होतं. जितक्या लवकर झालं असेल तितका पुढचा धोका जास्त. दिवस राहिल्याचं कळलं की बाराव्या आठवड्याची वाट न बघता जा, ॲस्पिरिन वेळेवर सुरू होईल (प्रश्न ५). आणि मूल होऊन गेलं, आता नको असेल, तरी वर्षातून एकदा बीपी मोजत राहा. अशा बायकांना पुढे हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डवर सहसा कुणी लिहीत नाही.